देवघेवीच्या खिडकीतले प्रश्न

(ग्रंथपाल दिनानिमित्त नवोदित ग्रंथपालांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयात नव्या माणसाला काही महिने आलेल्या पुस्तकांच्या दाखल नोंदीवर बसवतात, मग वर्गीकरण, मग देवघेव, मग नियतकालिके. छोट्या महाविद्यालयात हे सगळे विभाग एकाच टेबलावर असतात. आणि कुठेही असलात तरी तुम्हाला विचारतात एकच: पेपर किती झाले? म्हणजे शोधनिबंध किती छापले?

या धास्तीत मीही होते. २०१० च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमावलीने बढतीसाठी कामगिरी मोजणारे एपीआयचे गुण आणले, तेव्हापासून सगळे मोजायलाच लागले. माझा पहिला पेपर मी पैसे भरून छापला. आठवड्यात स्वीकारला गेला. परीक्षकाची एक ओळसुद्धा आली नाही. दोन वर्षांनी त्या नियतकालिकाची साइटच सापडेना. याची मला आजही बोच आहे. खरं नियतकालिक कोणतं हे वाचकाला सांगणं, हेच तर आपलं काम.

पुढे २०१९ मध्ये विश्वासार्ह नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी आली. ती सांभाळणारा कक्ष आपल्या पुण्यातच, सावित्रीबाई फुले विद्यापीठात होता. यादीतल्या नियतकालिकांच्या हुबेहूब नकली साइट निघाल्या, लोक फसत राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीच बंद केली. आता पारख ज्याने त्याने करायची. प्राध्यापक विचारायला येतील ते तुमच्याकडेच.

मग लिहायचं कशावर? माझा पहिला खरा विषय मला देवघेवीच्या खिडकीत मिळाला. एक विद्यार्थिनी ज्ञानेश्वरांवरचं पुस्तक मागत होती. संगणकात नव्हतं. मी कपाटाशी गेले तर त्याच पुस्तकाच्या तीन प्रती समोर! आमच्या नोंदी रोमन लिपीत होत्या. 'ज्ञ' कुणी डी-एन-वाय असा टाइप केला होता, कुणी जे-एन, कुणी जी-वाय. ती मुलगी मराठी माणसासारखं डी-एन-वाय शोधत होती आणि नोंद होती जे-एनखाली. त्या दिवसापासून मी वही ठेवली: वाचकाने काय टाइप केलं, आणि पुस्तक शेवटी कुठे सापडलं. 'ज्ञ'नंतर 'ळ' आला, मग 'च' आणि 'छ'. वर्षाअखेर त्या वहीतून निबंध उभा राहिला. त्याला परीक्षकांनी दोनदा परत पाठवलं, आणि दोन्ही वेळा तो सुधारला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आम्ही त्या नोंदी देवनागरीत केल्या.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, इंग्लंडला शिकायला गेले आणि तिथे एकामागून एक ग्रंथालयं पालथी घातली. 'वाचकाचा वेळ वाचवा' हा त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला चौथा नियम. माझ्या वहीतली प्रत्येक नोंद म्हणजे आपण वाया घालवलेला कुणाचा तरी वेळ होता.

आणखी एक. यूजीसीची २०१८ ची नियमावली स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर घाबरू नका. ग्रंथपालांच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात आधी ग्रंथालयातली उपस्थिती आहे. साठा पडताळणी आहे. गहाळ पुस्तकं अर्ध्या टक्क्याहून कमी असली तर शेरा 'चांगला'. म्हणजे धुळीत उभं राहून केलेली पडताळणी तिथे मोजली जाते. वरिष्ठ तिला हलकं काम म्हणत असतील, तर तो तक्ता त्यांच्यापुढे ठेवा.

या महिन्यात ज्यांची पाळी नियतकालिकांवर आहे, त्यांनी उद्यापासून एवढंच करा: संध्याकाळी टेबलावर उघडे राहिलेले अंक उचलताना त्यांची नावं एका वहीत लिहून ठेवा. वर्गणी नूतनीकरणाची यादी येईल तेव्हा ती वही शेजारी ठेवा.