बोअरचं पाणी कुणाच्या चार्जमध्ये?

(स्वयंपाकघर. फ्रिजवर औषधाच्या बाटलीएवढी काचेची बाटली, आत काळं पाणी.)

ही बाटली बघा. परवा सकाळी आमच्या कोल्हापुरातल्या अपार्टमेंटच्या बोअरचं पाणी हिच्यात भरलं तेव्हा एकदम नितळ होतं, तळ दिसत होता. हिला एच टू एस बाटली म्हणतात, आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, टोपण घट्ट लावायचं आणि घरातच एक-दोन दिवस ठेवून द्यायची, बस्स. पाणी होतं तसं राहिलं तर बरं, काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची शक्यता दाट. आमचं दुसऱ्या दिवशी चहाच्या टायमाला काळंकुट्ट. आई म्हणाली, आधी ती बाटली फ्रिजवरनं खाली घे.

मग मी ती पिशवीत घालून फिरलो. एका ऑफिसात सांगितलं, आमचं काम नळाच्या पाण्याचं, बोअर तुमचा खासगी. दुसऱ्या टेबलावर म्हणाले सॅम्पल घेता येईल की, पण घेणारा माणूस डेंग्यूच्या सर्व्हेला गेलाय, त्यो आल्यावर फोन करतो. तिसरीकडचे साहेब प्रभारी, मूळ चार्ज दुसऱ्याच खात्याचा, इथं मंगळवारी नि शुक्रवारी बसतात. मी गेलो बुधवारी, म्हणजे चूक माझीच.

(पेठेतला जुना वाडा. आडावर लोखंडी जाळी, जाळीवर वाळत घातलेले कपडे.)

आता तुम्ही म्हणाल कोल्हापूरला पाण्याला काय तोटा. पंचगंगा दारात हाय, वर २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलं. खरं आहे. पण नळाला दाब नसला की आपण बोअर चालू करतो, लग्नाला टँकर सांगतो, दुकानात जार ठेवतो, आणि ह्या तिन्ही पाण्यांना कुणी वाली नाही. नळाच्या पाण्यात निदान क्लोरीन आहे का ते बघतात, थेंबभर औषध टाकलं की पिवळं होतं, शेवटच्या नळाला लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम तरी पाहिजे असं पिण्याच्या पाण्याचं मानक सांगतं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन असणारच नाही, टाकणारच कोण? जाराचं तर अजून न्यारं, बाटली सीलबंद असली तर फूड लायसन्स लागतं, आणि जाराचं झाकण नुसतं फिरवलं की निघतं, मग त्याला सीलबंद धरायचं का नाही इथंच घोडं पेंड खातं.

हा आड आपण २०१९ च्या महापुरातला म्हणून बघू. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. उपसा केंद्रांत पुराचं पाणी शिरलं, पंप बंद, शहराचे नळ कोरडे, बाहेर सगळीकडं पाणीच पाणी आणि घरात तांब्याभर नाही. २०२१ ला परत तेच. अशा टायमाला माणूस जुना आड उघडतो, बोअरवाल्याच्या दारात लाइन लावतो, आणि नेमकं तेच पाणी तेव्हा सगळ्यात वाईट असतं कारण गटार, संडासाच्या टाक्या, नदी सगळं एक झालेलं असतं.

ह्यावरचा उपाय महाग नाही. दहा फूट रुंदीचा आड, तेरा फूट पाणी, म्हणजे साधारण २९ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, त्याला सगळेजण टीसीएल म्हणतात, म्हणजे साधारण बहात्तर ग्रॅम. मूठभर! पुराचं गढूळ पाणी शिरलेलं असलं तर जास्त लागते. बादलीत कालवायची, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन आडात सोडायचं, हलवायचं, तासभर थांबायचं, मग क्लोरीन तपासायचं. पण आड मोजणारा, पावडर मापणारा नि तासाभरानं परत येऊन बघणारा माणूस पाहिजे. पावडर गोदामात मिळते, घोडं अडतं ते माणसावर.

माणूस का नाही, ते पण ऐका. पालिका-महापालिकांत भरती करायची तर आस्थापना खर्च, म्हणजे नोकरांच्या पगारपाण्याचा, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत पाहिजे असा नियम, मग कोण रिटायर झालं की खुर्ची रिकामी आणि काम शेजारच्याच्या गळ्यात. एकच आरोग्य निरीक्षक कचऱ्याला, तोच फवारणीला, तोच प्लॅस्टिकच्या धाडीला, निवडणूक लागली की तोच तिकडं. त्याला शिव्या घालून काय उपयोग, मी त्याच्या जागी असतो तर माझ्या बोअरचा नंबर शेवटचाच लावला असता.

(हद्दीबाहेरची वस्ती. दारोदार निळे बॅरल.)

हद्दीबाहेर अजून गंमत. १९७२ ला महापालिका झाली आणि तेव्हापास्नं हद्दवाढीचं गुऱ्हाळ चालू आहे, गूळ काय पडंना. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव बघायला शहर आणि कागदावर गाव. गावात जलसुरक्षक असतो, पाण्याचे नमुने त्यानं घ्यायचे, पावसाळ्याआधी नि नंतर पाहणी होऊन पाण्याच्या धोक्याप्रमाणं गावाला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. पद्धत चांगलीच आहे. फक्त बऱ्याच ठिकाणी व्हॉल्व्ह सोडणारा, पाणीपट्टी मागणारा आणि जलसुरक्षक हा एकच इसम असतो.

(पहाट, पंचगंगेचा बंधारा. केंदाळ. मेलेले मासे.)

नदीचं तर सॅम्पल घ्यायला पण शास्त्र लागतं. १९७४ च्या पाणी कायद्यानं कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तर आधी नोटीस, मग समोरच दोन भाग, सील, सह्या, ह्यातलं एक चुकलं की कोर्टात तो रिपोर्ट पुरावा म्हणून चालत नाही. मासे तरंगतात पहाटे, फोन जातो सकाळी, गाडी पोचते दुपारी. ज्या पाण्यानं मासे मेले ते तोवर कुठल्या कुठं शिरोळकडं गेलेलं असतं आणि बाटलीत येतं ते मागनं आलेलं.

२०१२ ला शेजारी इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली, माणसं गेली. त्यानंतर पंचगंगेवर किती बैठका झाल्या मोजदाद नाही. साथ आली की पथकं येतात, घरोघर फिरतात, बाटल्या पण मिळतात. आठवड्याचा माणूस मात्र कुठंच बसत नाही, म्हणजे साथ नसताना दर सोमवारी चार बोअर नि दोन टँकर तपासणारा. तेवढा एक जरी असता तरी मला बाटली पिशवीत घेऊन हिंडावं लागलं नसतं.

(अपार्टमेंटचं पार्किंग. संध्याकाळ.)

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी बाटली टेबलावर ठेवली. सेक्रेटरी म्हणाले, आपण पितो कुठं, नुसतं वापरायला आहे. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की नळ आला नाही की त्या त्याच पाण्याची आमटी करतात, आणि कोशिंबिरीचे टोमॅटो पण त्यातच धुतात. मीटिंगमध्ये ठरलं की टाकी धुवायची, बोअरला टीसीएल टाकायची आणि महिन्याला एक बाटली भरायची. कोण भरणार? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

(वॉचमन मोटरचं बटण दाबतो. मोटरचा आवाज.)

सहा वाजले. नळ आज पण आला नाही.