२१११ घालून बघ

(देवळाली रेल्वे स्टेशन)

द. रा. कापरेकर इथल्या शाळेत मास्तर होते, १९३० ते १९६२. शिक्षण फर्ग्युसनमधून बी.एस्सी., पुढे पदवी नाही. १९४९ साली त्यांनी एक गंमत मांडली. चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली, तर ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८३५२. मग ६१७४, आणि तिथून हलायचं नाव नाही. चारही अंक सारखे नसले, की कुठलीही संख्या सात पायऱ्यांच्या आत इथंच येते.

(कॉलेजची कॉम्प्युटर लॅब)

बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला झेपेल असा हा प्रोग्रॅम. पोरं लिहितात, दोन-तीन संख्या घालून बघतात. उत्तर येतं. ‘झालं, सर!’

‘२१११ घालून बघ.’

२१११ वजा १११२, ९९९. पुढे ९९९ वजा ९९९, शून्य. आता प्रोग्रॅम ६१७४ची वाट बघत फिरतोय, थांबतच नाही. मास्तरांच्या रीतीत चार अंक भरायला संख्येच्या सुरुवातीचा शून्य धरायचा असतो. मशीनने तो गाळला. ०९९९ धरा: ९९९० वजा ०९९९, ८९९१. आणखी तीन पायऱ्यांत ६१७४.

प्रोग्रॅमिंगच्या भाषा शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. पण आपलंच काम मोडेल अशी संख्या आपणच हुडकायची, ही खोड लागायला पदवीची तीन वर्षं लागली तरी फी वसूल, असं आमचं मत.

(फळा)

सगळ्या संख्या ६१७४ला येतात का ते तपासायचं, तर ८,९९१ संख्या. मशीनला किरकोळ. गणिताच्या मॅडम मात्र आधी फळ्याकडे वळतात. मोठ्यापासून लहानापर्यंत अंक अ, ब, क, ड धरले, तर वजाबाकी येते ९९९ गुणिले ‘अ वजा ड’, अधिक ९० गुणिले ‘ब वजा क’. म्हणजे सगळी मदार दोन फरकांवर, आणि अशा जोड्या होतात फक्त ५४. एवढ्या तर वहीतही तपासून होतात. शिवाय एकही संख्या सुटलेली नाही, याची खात्री.

मागच्या बाकावरून प्रश्न येतो, ‘मॅडम, पाच अंकी घेतली तर?’

तिथे एक मुक्काम नाही. त्याच त्या संख्यांमधून फिरत राहणारी तीन वेगवेगळी चक्रं आहेत. ‘६१७४ आलं की थांब’ ही अट आता कुचकामी; आधी कुठल्या संख्या येऊन गेल्या, ते प्रोग्रॅमला लक्षात ठेवावं लागणार. मुलं पुन्हा कीबोर्डकडे वळतात.