सिग्नेचर बास: सही मार्कसची, आवाज कुणाचा?

नमस्कार मंडळी! बास गिटारच्या हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या टोकाला, मोठ्या वादकाची सही आली की बासची किंमत चढते. गल्ली क्रिकेटमध्ये साध्या बॅटवर एमआरएफचं स्टिकर चिकटवायचो आपण, तसलाच प्रकार म्हणायचा का हा? कधीकधी हो, अगदी तसलाच. नुसता रंग बदलायचा, सही ठोकायची, झालं. पण अमेरिकन बासवादक मार्कस मिलरचं प्रकरण तसं नाही.

मार्कस न्यूयॉर्कचा. हातात फेंडर कंपनीचा 1977 चा 'जॅझ बास', हे मॉडेलचं नाव. तेव्हा फेंडर सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीच्या मालकीची होती, आणि त्या काळातल्या मालाचं नाव काढलं की जुने शौकीन आजही नाक मुरडतात. वजनाला जड, कामात ढिलाई. मार्कसने तो बास न्यूयॉर्कमधल्याच रॉजर सॅडोस्की या गिटार-कारागिराकडे दिला. सॅडोस्कीने आत प्रीॲम्प बसवला. प्रीॲम्प म्हणजे बॅटरीवर चालणारं छोटं सर्किट; त्यामुळे खालचे आणि वरचे सूर (बेस आणि ट्रेबल) बासवरूनच वाढवता येतात, ॲम्प्लिफायरकडे धावायला नको. शिवाय वजनदार 'बॅडॲस' ब्रिज; ब्रिज म्हणजे बासच्या अंगावर तारा अडकवायचा धातूचा भाग. आणखी एक गोष्ट मुळातच होती: सत्तरच्या दशकात फेंडरने मागचा पिकअप (तारांची कंपनं पकडणारं चुंबक) साधारण एक सेंटीमीटर ब्रिजकडे सरकवला होता. एवढ्याशा अंतरानेही आवाज कडक होतो. वर मार्कसचा अंगठा! स्लॅपचा, म्हणजे अंगठ्याने तारा ठोकून वाजवण्याचा, तो खणखणीत आवाज या सगळ्याचा मिळून आहे.

आता गंमत बघा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी फेंडरने मार्कसच्या नावाचा बास काढला, जपानमध्ये बनवलेला. त्यात काय होतं? प्रीॲम्प आणि बॅडॲस ब्रिज. म्हणजे बास फेंडरचाच, सुधारला बाहेरच्या कारागिराने, आणि ती सुधारणा फेंडरने सहीसकट परत विकली. मला यात वावगं काही वाटत नाही, पण हेडस्टॉकवर सॅडोस्कीचं नाव नाही, हे लक्षात असू द्या.

त्याच सुमारास फेंडरने काढला रश या रॉक बँडचा बासवादक गेडी लीच्या नावाचा बास. त्याचा मूळ 1972 चा जॅझ बास अमेरिकेतल्या कॅलमझू गावात, गहाणवस्तूंच्या दुकानात मिळालेला.

पैशाचं थोडक्यात सांगतो. साध्या एंडोर्समेंटमध्ये, म्हणजे कंपनीची जाहिरात करण्याच्या करारात, वादकाला वाद्य सवलतीत किंवा फुकट मिळतं. सिग्नेचर मॉडेलमध्ये सहसा विकलेल्या प्रत्येक नगामागे रॉयल्टी असते.

मार्कस पुढे सायर या कोरियन कंपनीकडे गेला. बास इंडोनेशियात बनतात, आणि अमेरिकन फेंडरच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळतात. इथे सहीचा हिशोबच उलटा झाला! सही आहे म्हणून महाग नाही. नवख्या कंपनीचा स्वस्त बास लोकांनी निदान हातात तरी घ्यावा, म्हणून सही. आणि मार्कस स्वतः तो घेऊन स्टेजवर उभा राहतो.

आपल्या मुंबईची बासवादक मोहिनी डे पोलंडच्या मेयोनेस कंपनीचे बास वाजवते. तिच्यावर वेगळा व्हिडिओ करावाच लागेल, पाच मिनिटांत उरकण्यातली ती नाही.

तर हा माझ्याकडचा सायर व्ही-7. हेडफोन लावा, मोबाईलच्या स्पीकरवर बास ऐकण्यात अर्थ नाही. आधी स्विच पॅसिव्हवर ठेवून वाजवतो, म्हणजे प्रीॲम्प बंद. मग तीच ओळ, त्याच अंगठ्याने, प्रीॲम्प चालू करून. चला, एक, दोन, तीन...