एका ठेक्याला सहा फोटो

टेबलावर काच, काचेवर चिकणमाती आणि वर आडव्या दांड्याला बांधलेला, खाली बघणारा कॅमेरा. खिडक्या काळ्या कागदाने बंद आहेत. ऊन जरा सरकलं तरी पडद्यावर उजेड लुकलुकतो. गोव्यातल्या फोंड्याच्या या खोलीत दिवस आणि रात्र सारखीच. इथे मुलं गाण्यांचे व्हिडिओ करतात: मातीची आकृती जराशी हलवायची, एक फोटो घ्यायचा, आणि सगळे फोटो सलग दाखवले की माती हलताना दिसते.

गाणं आहे घुमट या गोव्याच्या तालवाद्याचं, गणेश चवथीच्या आरतीच्या चालीवरचं. घुमट म्हणजे मुळात मातीचंच मडकं. काचेवरचं घुमटही त्याच कुंभाराच्या मातीचं केलंय. खऱ्या घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे. ते कायद्याने बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली.

हा हात बघा. गाण्यात मिनिटाला १२० ठेके आहेत, म्हणजे एक ठेका अर्ध्या सेकंदाचा. सेकंदाला १२ फोटो धरले की एका ठेक्याच्या वाट्याला येतात सहा. तेवढ्यात हाताने वर जायचं, क्षणभर तोलायचं आणि खाली यायचं. थाप ऐकू येण्याच्या किंचित आधी बोटं कातड्याला टेकलेली दिसली, तरच ती डोळ्याला वेळेवर वाटते. तीन मिनिटांच्या गाण्याला असे २,१६० फोटो. प्रत्येक फोटोआधी कुणीतरी वाकून मातीचं बोट केसभर हलवलेलं आहे.

दिव्यांच्या उष्णतेने माती वाळते, बोटांना चिरा पडतात. म्हणून हे ओलं फडकं. अंगठ्यांचे ठसे मात्र कुणी पुसत नाही. दर फोटोत ठसा बदलतो आणि मातीचा हात स्थिर असतानाही सळसळत राहतो. संगणकावर केलेल्या गुळगुळीत हातात ही सळसळ नसते. गोव्याच्या गाण्यांना ती मिळायला हवी, त्यासाठीच हा खटाटोप.

हे वेड आपल्याकडे जुनं आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चित्र टिपत पडद्यावर आणली; पुढे आगकाड्याही नाचवल्या. १९८६ मध्ये इंग्लिश गायक पीटर गेब्रिएल आपल्या ‘स्लेजहॅमर’ गाण्याच्या व्हिडिओसाठी १६ तास काचेखाली पडून राहिला. त्या व्हिडिओत माती, फळं, अगदी सोललेल्या कोंबड्याही गाण्याच्या तालावर हलतात.

घुमटाचा व्हिडिओ चवथीआधी पुरा झाला, वाड्यावाड्यांत मोबाइलवर फिरला. खर्च अजून निघालेला नाही.

आणि ही लाल पाटी पुढच्या गाण्याची. गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम असतं: चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर द्यायचा आणि टोकदार सळीने तो खरवडून खालची पांढरी रेघ उघडी करायची. रेघ एकदा ओढली की मिटत नाही. म्हणून मुलं दर रेघेला एक फोटो घेतात आणि सगळे फोटो उलट्या क्रमाने लावतात. पडद्यावर पांढरा मोर एकेक पीस मिटत लाल भिंतीत शिरतो.