शेजाऱ्याच्या शब्दाची किंमत

जाहिरातीपेक्षा ओळखीच्या माणसाची शिफारस जास्त का चालते, ते बघायला मक्यापासून सुरुवात करू. पडद्यावर दिसतोय तो मका. १९२८ च्या सुमारास अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांना मक्याचं संकरित बियाणं मिळू लागलं. उत्पन्न जवळपास २० टक्के जास्त, दुष्काळात तग धरणारं. तरीही बहुतेक शेतकरी वर्षानुवर्षं थांबून राहिले.

ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी दोन गावांतल्या २५९ शेतकऱ्यांना गाठलं. या बियाण्याबद्दल पहिल्यांदा कुणाकडून कळलं? सर्वांत जास्त उत्तरं आली: विक्रेत्याकडून. मग पेरायचं कुणामुळे ठरवलं? इथे शेजारी पुढे होता. १९४१ पर्यंत त्या २५९ पैकी दोघे सोडून सगळे नव्या बियाण्याकडे वळले होते.

विक्रेत्याला माल खपवायचाय, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. ओळखीचा माणूस काही सुचवतो तेव्हा मात्र त्याची स्वतःची पत पणाला लागते. वस्तू वाईट निघाली तर बोल त्यालाच लागणार. शिवाय तो समोरचा माणूस बघून सांगतो. कुणाची गरज काय, ऐपत किती, हे त्याला माहीत असतं. इतकी नेमकी जाहिरात कुठल्याच कंपनीला जमलेली नाही.

बाजाराचा अभ्यास करणाऱ्या नील्सन कंपनीच्या २०१२ च्या अहवालात ५६ देशांतल्या ९२ टक्के लोकांनी ओळखीच्यांच्या शिफारशीवर विश्वास असल्याचं सांगितलं. टीव्हीवरच्या जाहिरातींसाठी हा आकडा होता ४७.

मग ही शिफारस विकत घेता येईल? ड्रॉपबॉक्स ही इंटरनेटवर फाइली साठवण्याची सेवा. तिनं मित्राला आणणाऱ्यालाही आणि त्या मित्रालाही फाइली ठेवायला जादा जागा दिली. सप्टेंबर २००८ मध्ये वापरकर्ते होते १ लाख, जानेवारी २०१० मध्ये ४० लाख. बक्षीस होतं, पण त्याच सेवेचं. ज्याला सेवाच आवडली नाही, तो जादा जागा घेऊन काय करणार? पैसे मोजून लिहून घेतलेले खोटे अभिप्राय ही वेगळी गोष्ट. ती ग्राहकाची फसवणूकच आहे, आणि अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर स्पष्ट बंदी आहे.

व्यवसायाच्या हातात उरतं ते काम खर्चिक नाही, चिकाटीचं आहे. दिलेली तारीख पाळायची. तक्रार घेऊन आलेल्याचं पूर्ण ऐकायचं, कारण तोही बाहेर जाऊन बोलणारच असतो. आणि नव्या ग्राहकाला विचारायचं, ‘आमचं नाव कुणी सांगितलं?’ जाहिरातीच्या पैचा हिशेब ठेवणारे कितीतरी व्यावसायिक हे विचारतच नाहीत. ज्यानं नाव सुचवलं, त्याला एक फोन करून आभार मानायला हवेत.