चोवीस काड्या आणि पतंगी कागद

नागपूरच्या महाल भागातील या वाड्याच्या अंगणात दिवाळीच्या आधी बांबूच्या कामट्या उन्हात पसरलेल्या दिसतात. बुरूडाकडून आणलेली कामटी ओली असेल तर ती वाळताना आक्रसते आणि तिच्यावर मारलेली दोऱ्याची गाठ सैल पडते, म्हणून आकाशकंदिलाचे काम कात्री हातात घेण्याच्या कितीतरी आधी या उन्हात सुरू होते. कामटीची सालीकडची बाजू चिवट असते आणि आतला गाभा ठिसूळ असतो. आजी सुरीने तो गाभा तासून काढत आहेत आणि शेजारी बसलेला नातू तासलेली प्रत्येक काडी वितीने मोजून सारख्या मापाची कापत आहे.

अशा चोवीस काड्या लागतात. चार काड्यांचा एक चौकोन, याप्रमाणे सहा चौकोन आधी वेगवेगळे बांधले जातात. एक चौकोन वर आडवा आणि एक खाली आडवा राहतो. उरलेले चार चौकोन टोकावर उभे करून त्यांचे कोपरे एकमेकांना आणि वरच्या-खालच्या चौकोनांना बांधले जातात. बारा ठिकाणी गाठी पडल्या की चौकोनांच्या मधल्या जागेत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. त्यांच्यासाठी वेगळी काडी लागत नाही. भूमितीच्या पुस्तकात ही आकृती पाहिलेल्या मुलाला ती किती समजली असेल हे सांगता येणार नाही, पण स्वतःच्या हाताने बारावी गाठ मारलेल्या मुलाला ती कायमची समजते, असे आमचे ठाम मत आहे.

सांगाडा मात्र अजून डुगडुगतो. नुसत्या काड्यांचा चौकोन कोपऱ्यांतून हलतो, दाबला की तिरका होतो. त्याला खरा ताठपणा कागद देतो, आणि म्हणून कागद लावण्याचे काम या वाड्यात सर्वांत सावकाश चालते.

मैदा आधी थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा आणि मग मंद आचेवर सतत ढवळत, पांढरा रंग जाऊन तो पारदर्शक दिसू लागेपर्यंत शिजवायचा, की खळ तयार होते. पुस्तकबांधणी करणारे लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा विषारी निळा क्षार, घालत असत. इथे मुलांचे हात खळीत असतात, त्यामुळे मोरचूद घालत नाहीत आणि खळ रोज ताजी शिजवतात. कागद पतंगाचा आहे. तो इतका पातळ असतो की थेट खळ लावली तर हातातच विरघळल्यासारखा फाटतो. म्हणून खळ कागदाला न लावता कामटीला लावायची, कागद चारही बाजूंनी बोटभर मोठा कापून वर अलगद ठेवायचा आणि कडा आत दुमडायच्या. नातू कागद ताणू पाहतो, तेव्हा आजी त्याचा हात धरतात आणि म्हणतात, "ओढू नको रे बापू, बसू दे त्याले." खळीचा ओलावा लागला की कागद थोडा सैल पडतो, त्यावर सुरकुत्या दिसतात, आणि मुलाचा चेहरा उतरतो. तासाभराने तोच कागद वाळून आक्रसतो आणि मृदंगाच्या पुडीसारखा ताणला जातो. मग सांगाडा हलत नाही.

झिरमिळ्यांचेही एक शास्त्र आहे. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेने पडलेले असतात. त्या दिशेने कागद सरळ फाटतो आणि आडवा फाडला की वेडावाकडा जातो. कोपऱ्यातून थोडा फाडून पाहिला की ती दिशा कळते. तिच्या लांबीने कापलेली झिरमिळी वाऱ्यात अधिक टिकते.

या शहराचे वर्ष कागद आणि बांबू यांच्याशी बांधलेले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतींची, म्हणजे इडापिडा घालवण्यासाठी काढल्या जाणाऱ्या मोठ्या स्त्री-पुतळ्यांची, मिरवणूक नागपूरकरांना सांगावी लागत नाही. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची आहे, आणि त्यांच्या बरोबरीने निघणारे बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, वस्तीवस्तीतील पोरे बांबू, कागद आणि हाती लागेल ते साहित्य वापरून उभे करतात. दिवाळीला कंदील येतो. संक्रांतीला जुनी शुक्रवारी आणि इतवारीतील दुकाने पतंगांनी भरतात आणि गच्च्यांवरून "ओ काट" ऐकू येते. पतंगाच्या कागदाने कधी कोणाला इजा केली नाही. जीव घेतले ते नायलॉनच्या मांजाने, ज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. इथून जवळच्या वर्ध्यात, मगनवाडीत, गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाने हातकागद तयार करण्याचे काम चालवले होते, आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तिथूनच गावच्या कारागिरांची बाजू देशापुढे मांडली. कामट्या तासणाऱ्या बुरूडांचे काम प्लॅस्टिकच्या तयार कंदिलांमुळे कमी झाले आहे, ही गोष्टही याच संदर्भात नोंदवली पाहिजे.

आता रंग ठरायचे आहेत. नातवाला त्रिकोण संत्र्याच्या रंगाचे हवे आहेत आणि त्याच्या धाकट्या बहिणीला जांभळ्या रंगाचे. आजी यात पडत नाहीत, आणि आम्हाला त्यांचे हे न पडणे फार मोलाचे वाटले. बाजारातून आणलेल्या कंदिलात निवड दुकानापाशीच संपते. इथे कोणता त्रिकोण कोणत्या चौकोनाशेजारी शोभेल, पिवळ्या चौकोनामागे दिवा लागल्यावर शेजारचा जांभळा काळपट दिसेल का, हे प्रश्न दोन मुले तासभर तावातावाने लढवतात, कागद उजेडात धरून पाहतात, ठरवतात आणि पुन्हा मोडतात. शेवटी वरचे चार त्रिकोण संत्र्याच्या रंगाचे आणि खालचे चार जांभळे झाले.

वसुबारसेला कंदील वर चढतो. आत कमी वॅटचा एलईडी दिवा लावला आहे. तो फारसा तापत नाही, त्यामुळे कागदाला धोका राहत नाही. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवलेला असल्याने हवा खेळती राहते. त्रिपुरी पौर्णिमेनंतर कागद ओल्या फडक्याने भिजवून सोलून काढायचा, सांगाडा पुसून माळ्यावर टांगायचा आणि सैल झालेल्या गाठी तेवढ्या पुढच्या वर्षी नव्याने मारायच्या. चांगल्या वाळलेल्या कामट्यांचा सांगाडा अनेक दिवाळ्या चालतो. दरवर्षी नवा लागतो तो फक्त कागद आणि वाटीभर मैदा, आणि उरलेल्या कागदावर बहिणीने संक्रांतीच्या पतंगासाठी आताच हक्क सांगितला आहे.