डांबराच्या गोळ्या आणि एक न टिकणारं प्रोटीन

नमस्कार श्रोतेहो. आमच्या आजीकडे पत्र्याची एक ट्रंक होती, फक्त बाळांच्या कपड्यांची. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, घरातलं एक पोर मोठं झालं की सगळं धुऊन उन्हात वाळवून घडी घालून त्यात जायचं आणि वरून चार-पाच डांबराच्या गोळ्या टाकायच्या, म्हणजे पुढच्या बाळापर्यंत कसर लागणार नाही. ट्रंक उघडल्यावर जो वास यायचा तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आत्ता नुसतं ऐकून आला असेल. त्या वासापासून सुरुवात करतेय कारण गेली चार वर्षं मी इथे पुण्यात, पाषाण रोडला एका लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करतेय, आणि ज्या एका प्रोटीनवर माझं काम चाललंय त्याचा आणि या गोळ्यांचा अगदी थेट संबंध आहे.

प्रोटीनचं नाव लांबलचक आहे, ग्लुकोज सिक्स फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, डॉक्टर लोक जी-सिक्स-पीडी म्हणतात, आपणही तेच म्हणू. प्रोटीन म्हटलं की डाळ, अंडी नाहीतर जिमवाल्यांचा डबा डोळ्यापुढे येतो, ते खायचं प्रोटीन झालं, पण शरीरात जी काही कामं चालतात ती बहुतेक सगळी प्रोटीनच करतात आणि हे त्यातलंच एक. 515 अमिनो ॲसिडच्या मण्यांची माळ, ती गुंडाळली जाऊन एक ठराविक आकार घेते, मग अशा दोन माळा एकमेकींना घट्ट चिकटल्या की कुठे काम सुरू होतं.

काम काय, तर रक्तातल्या तांबड्या पेशीला गंजण्यापासून वाचवणं. ऑक्सिजन म्हणजे लोखंडाला गंज चढवणारी गोष्ट, आणि ही पेशी तो दिवसरात्र पोटात घेऊन फिरते, तर तिला स्वतःचा बचाव करायला एनएडीपीएच नावाचं रसायन सतत लागतं. बाकीच्या पेशींना ते बनवायच्या आणखीही वाटा आहेत, तांबड्या पेशीकडे मात्र एकच, जी-सिक्स-पीडीची. आणि आता पुढचं ऐका, मला या सगळ्यात हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. तांबडी पेशी रक्तात उतरायच्या आधी आपलं केंद्रक टाकून देते, म्हणजे नवीन प्रोटीन बनवायची कृतीच तिच्याकडे उरत नाही, सुरुवातीला जी शिदोरी बांधून मिळाली तेवढ्यावर साधारण 120 दिवस काढायचे!

ज्यांच्या जी-सिक्स-पीडीत जन्मतः बदल असतो, जगात अशी 40 कोटींच्या आसपास माणसं आहेत, त्यांच्यात हे प्रोटीन नसतंच असं लोकांना वाटतं, तसं नाहीये. असतं. बऱ्याच प्रकारांत त्याला काम पण येतं. पण टिकत नाही, घडी सुटते, आणि पेशीचं वय वाढेल तशी शिदोरी वेळेआधीच संपते. एरवी काही जाणवत नाही, माणूस शाळेत जातो, क्रिकेट खेळतो, संसार करतो. पण गंजवणारं काहीतरी बाहेरून आत गेलं, मलेरियाचं प्रायमाक्विन, कुष्ठरोगावरचं डॅप्सोन, किंवा डांबराच्या गोळीतलं नॅप्थलीन, की पेशी फुटायला लागतात, आणि आधी फुटतात त्या म्हाताऱ्या पेशी. डोळे पिवळे होतात, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते, थकवा, धाप.

हे मी पुस्तकात वाचायच्या आधी घरात बघितलंय. माझ्या चुलत बहिणीचं बाळ, तिसऱ्या दिवशी घरी आणलं, आजीच्या ट्रंकेतलं दुपटं कौतुकाने गुंडाळलं, दोन दिवसांत बाळ हळदीसारखं पिवळं. सगळे म्हणाले बाळांना कावीळ होतेच, कोवळ्या उन्हात धरा. शेवटी ॲडमिट केलं, निळ्या लाइटखाली ठेवलं, रक्त द्यायची वेळ आली. तिथे एका डॉक्टरांनी जी-सिक्स-पीडीची टेस्ट पण केली, आणि रिपोर्ट आला नॉर्मल. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, तेच दुपटं परत वापरात. पुन्हा टेस्ट करा असं कुणीच सांगितलं नाही. पुढे चौथ्या महिन्यात दुसऱ्या एका डॉक्टरांनी सगळं नीट विचारून घेतलं, परत टेस्ट करायला लावली, आणि त्यात जी-सिक्स-पीडी खूप कमी निघालं.

घरात सगळ्यांना वाटलं पहिल्या लॅबने घोळ घातला. मी तेव्हा एमएससीला होते, मलाही तसंच वाटलं. पण मशीन चुकलंच नव्हतं. म्हाताऱ्या, शिदोरी संपलेल्या पेशी फुटून गेल्या होत्या, रक्तात उरल्या त्या कोवळ्या, आणि कोवळ्या पेशीत हे न टिकणारं प्रोटीन अजून शाबूत असतं, वर दिलेलं रक्त तर दुसऱ्याच कुणाचं. म्हणजे टेस्टने जे मोजलं ते बरोबर होतं, फक्त ती चुकीच्या वेळी केली होती. या आजारात काही प्रकारांत असं होतं, म्हणून पेशी फुटल्यानंतर लगेच आलेल्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबायचं नाही, साधारण तीन महिन्यांनी टेस्ट परत करायची. हे समजलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पीएचडी कशात करायची हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच संपला.

हा दोष सापडला 1956 साली, अमेरिकेत, प्रायमाक्विन घेतल्यावर काहींच्याच पेशी का फुटतात हे शोधताना, आणि ते प्रयोग तुरुंगातल्या कैद्यांवर झाले होते, ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्यानंतर देशोदेशी याचे वेगवेगळे प्रकार सापडत गेले आणि बहुतेकांना जिथे सापडले त्या गावाचं नाहीतर प्रदेशाचं नाव दिलं गेलं. एकाचं नाव आहे कल्याण! आपलं कल्याण, तिथल्या एका कोळी कुटुंबात ऐंशीच्या दशकात तो सापडला. केरळमध्ये सापडलेल्या आणखी एका प्रकाराला केरळ नाव मिळालं, दोन्ही वेगळे समजले जायचे, आणि 1992 मध्ये जीन, म्हणजे हे प्रोटीन बनवायची कृती, वाचून बघितला तर दोन्हीकडे बदल एकच, 317 व्या जागेवर ग्लुटामिक ॲसिडच्या ऐवजी लायसिन, म्हणजे जिथे ऋण भार हवा तिथे धन. 515 मधला एक मणी.

आता आमचं रोजचं काम. बदललेला जीन ई-कोलाय बॅक्टेरियात घालायचा, त्यांच्याकडून प्रोटीन बनवून घ्यायचं, शुद्ध करायचं आणि मग ते किती वेगाने काम करतं आणि किती तापमानापर्यंत तग धरतं ते मोजायचं. सांगायला एक वाक्य, करायला माझं अख्खं पहिलं वर्ष गेलं. कारण जे प्रोटीन शरीरात नीट घडी घालत नाही ते बॅक्टेरियात कशाला घालेल? रात्री साडेअकराला जेल, म्हणजे प्रोटीनं वजनाप्रमाणे वेगळी करून दाखवणारी जेलीसारखी पातळ वडी, डाग घालवायला ठेवलेली, निळा रंग हळूहळू उतरतोय, आणि 59 हजार डाल्टनच्या, म्हणजे आपल्या प्रोटीनच्या वजनाच्या जागी जाडजूड पट्टी दिसतेय, पण कुठे, तर पेलेटच्या लेनमध्ये, म्हणजे सगळं गोळा होऊन तळाला बसलेलं, आणि वरच्या पाण्यात जिथे हवं तिथे काहीच नाही. असं अकरा वेळा. मग 37 डिग्रीवरून 18 वर आणलं, बॅक्टेरियाला निवांत रात्रभर वेळ दिला, सोबत घडी घालायला मदत करणारी शॅपेरोन नावाची प्रोटीनं पण बनवायला लावली, तेव्हा कुठे वरच्या पाण्यात केसाएवढी पट्टी आली. मी त्या पट्टीचा फोटो आईला पाठवला होता, तिला काय दिसलं माहीत नाही पण तिने लगेच फोन केला.

पट्टी मिळाली की खरी मजा सुरू होते. एनएडीपीएच 340 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, त्यामुळे प्रोटीन काम करतंय का हे स्क्रीनवर समोर दिसतं, रेघ वर चढते. बदल नसलेलं साधं प्रोटीन थोडं गरम करून लावलं तरी रेघ चढते. आमच्याकडे मेडिटरेनियन नावाचा एक प्रकार आहे, भारतातही बराच आढळतो, 188 व्या जागी सेरीनऐवजी फिनाइलअलानिन, तो तेवढाच गरम करून लावला की रेघ झोपूनच राहते. तीच बाटली, तेच बफर, एका मण्याचा फरक.

लोक विचारतात एका प्रोटीनवर पाच वर्षं कशाला, औषध कधी निघणार. फेलोशिप कागदावर 37 हजार आणि हातात चार-चार महिने काहीच नाही, तेव्हा घरचे पण विचारतात. माझं म्हणणं एवढंच आहे की रिपोर्टवर नुसतं डेफिशियंट लिहिणं पुरत नाही, ते प्रोटीन कामच करत नाही की करतं पण टिकत नाही हे कळायला हवं, कारण न टिकणाऱ्याला आधार देता येऊ शकतो. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रुपने असा एक छोटा रेणू दाखवला जो या प्रोटीनच्या दोन माळा एकत्र धरून ठेवायला मदत करतो. औषध नव्हे ते, अजून खूप लांब आहे, पण दिशा आहे. आणि गडचिरोलीत व्हायव्हॅक्स मलेरियाच्या पेशंटला 14 दिवस प्रायमाक्विन द्यायचं असतं तिथे तर हा प्रश्न आजचाच आहे, गोळी देणाऱ्याला समोरच्याचं जी-सिक्स-पीडी किती हे माहीत असलं पाहिजे.

घरच्यासाठी सांगते, तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका, ठेवल्या असतील तर कपडे बाहेर काढून धुवा, कडक उन्हात चांगले वाळवा, मगच बाळाला घाला. जीन एक्स क्रोमोसोमवर असल्याने त्रास मुलग्यांना जास्त होतो, घरात मामाला किंवा भावाला असं कधी झालं असेल तर बाळाच्या डॉक्टरांना आधीच सांगा.

माझा भाचा आता सात वर्षांचा आहे, चालणाऱ्या-न चालणाऱ्या औषधांचं कार्ड त्याच्या दप्तरात असतं. त्याचा प्रकार कुठला हे अजून कुणी बघितलेलं नाही, बहिणीला मी सांगून ठेवलंय, या सुट्टीत जीनची टेस्ट करून घेऊ. आत्ता शेकरवर 18 डिग्रीला कल्याणचा फ्लास्क फिरतोय, सकाळी सहाला तो उतरवायचाय, म्हणून आज इथेच थांबते. नमस्कार.